दंडातली बेडकुळी

लहान मुलाला ‘ताकद दाखव’ म्हटले की ते कोपर वाकवून दंड पुढे करते. तिथे जो उंचवटा येतो त्याला मराठीत बेडकुळी म्हणतात. काही घरांत बेटकुळी. रोमन लोकांना त्याच जागी उंदीर दिसला. लॅटिनमधला ‘मस्क्युलस’ म्हणजे छोटा उंदीर, आणि इंग्रजीतला ‘मसल’ त्याचाच वंशज. कातडीखाली काहीतरी जिवंत दबा धरून बसले आहे, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच. तरी मला विचाराल तर आपला बेडूकच बरा. स्नायू कसा ओढतो याविषयी माणसाला जे कळले, त्यातले बरेचसे गेल्या साडेतीनशे वर्षांत बेडकाच्या मांडीतून आणि पोटरीतूनच कळले आहे.

हे पुस्तक त्या बेडकुळीविषयी आहे. हात वाकवताना आत नेमके काय होते, एवढाच त्याचा प्रश्न. मी आयुष्यभर वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले. ‘स्नायूंचे आकुंचन’ हा परीक्षेतला हमखास प्रश्न. मुले सुबक आकृती काढीत, गुण मिळवीत, आणि तोंडी परीक्षेत ‘मग यात आकसते काय?’ असे विचारले की छताकडे बघत. दोष मुलांचा नव्हता. दोष बराचसा त्या ‘आकुंचन’ शब्दाचा होता, आणि त्याच्याविरुद्ध माझी जी जुनी तक्रार आहे तिच्यातूनच हे पुस्तक निघाले आहे.

शब्दांचा घोळ आधी निस्तरून घेऊ. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात माणसाच्या अंगात पाचशे पेशी सांगितल्या आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचा पट्टा, आज ज्याला आपण स्नायू म्हणतो तो. स्नायू सुश्रुताने वेगळे मोजले आणि त्यांची संख्या नऊशे दिली. त्याचे स्नायू म्हणजे बांधून ठेवणाऱ्या चिवट दोऱ्या. मराठीने पुढे स्नायू हा शब्द मांसाला दिला आणि ‘पेशी’ शाळेच्या जीवशास्त्रात सूक्ष्मदर्शकाखालच्या कणाएवढ्या घटकाला देऊन टाकली. हिंदीत पेशी अजून मांसाचीच आहे. बंगालीत तर स्नायु म्हणजे मज्जातंतू. एकाच देशातली तीन मुले एकत्र अभ्यासाला बसली तर पहिल्याच पानावर भांडतील. या पुस्तकात स्नायू म्हणजे मांस, पेशी म्हणजे पेशी आणि मज्जातंतू म्हणजे मेंदूचा निरोप आणणारी तार. ‘आकुंचन’ही मी वापरले आहे, कारण दुसरा रुळलेला शब्द नाही. पण ते वाचताना सावध राहा.

शाळेत आपण ‘आकुंचन-प्रसरण’ अशी जोडी पाठ करतो आणि दोन्ही क्रिया एकाच तोलाच्या आहेत असे धरून चालतो. प्रत्यक्षात स्नायू स्वतःहून कधीच प्रसरण पावत नाही. त्याला ओढता येते आणि ओढणे सोडून देता येते, तिसरे काही येत नाही. हातगाडी ढकलतानासुद्धा दंडाच्या मागच्या बाजूचा स्नायू कोपराचे हाड ओढतच असतो, ढकलतो तो हाडांचा सापळा. म्हणून स्नायू जोडीने राहतात. पुढचा हात वाकवतो, मागचा तो सरळ करतो, आणि त्या ओढीने पुढच्याला पुन्हा लांब करून ठेवतो. ही व्यवस्था नसती तर एकदा वाकवलेला हात तसाच राहिला असता.

आता बेडकुळी फुगते ती कशाने? जुने उत्तर होते, वाऱ्याने. ग्रीक वैद्य गेलेनपासून फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तपर्यंत सर्वांना वाटे की मेंदूतून एक सूक्ष्म वायू किंवा रस पोकळ मज्जातंतूंतून खाली येतो आणि पिशवीत हवा भरावी तसा स्नायू फुगवतो. फुगला की आखूड होतो. हे इतके पटण्यासारखे होते की कोणी तपासून पाहिले नाही. सतराव्या शतकात यान स्वामरडाम या डच माणसाने तपासले. किडे आणि बेडूक चिरण्यात त्याचा हात धरणारा त्या काळी कोणी नव्हता. त्याने बेडकाचा स्नायू मज्जातंतूसकट काचेच्या नळीत बंद केला. नळीला वर केसासारखे बारीक तोंड होते आणि त्यात पाण्याचा एक थेंब अडकवला होता. स्नायू फुगला तर आतली हवा दाबली जाऊन थेंब वर सरकायला हवा. त्याने मज्जातंतू खेचला, स्नायू आखडला, आणि थेंब वर गेला नाही. स्नायूचा आकार बदलला, आकारमान बदलले नाही. बेडकुळी उंच होते ती लांबीचा ऐवज रुंदीत गेल्यामुळे, बाहेरून काही आत आल्यामुळे नाही. हे काम त्याच्या हयातीत छापले गेले नाही. मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी ते पुस्तकात आले. एका थेंबावर दीड हजार वर्षांची समजूत मोडणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

आमच्या विद्यार्थिदशेत प्रत्येकाच्या वाट्याला एक बेडूक येई. त्याची पोटरी आणि तिच्याकडे येणारा मज्जातंतू अलगद सोडवून घ्यायचा, पोटरीचे टोक एका तरफेला बांधायचे आणि तरफेची नोक काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर टेकवायची. विजेचा एक टिचका दिला की काळ्या कागदावर पांढरी टेकडी उमटे. मग तो कागद व्हार्निशमध्ये बुडवून वाळवायचा आणि जर्नलमध्ये चिकटवायचा. आठवडाभर नखांतली काजळी जात नसे. आता हे प्रात्यक्षिक संगणकाच्या पडद्यावर होते आणि बेडूक डबक्यात सुखी आहेत. त्याबद्दल मला हळहळ नाही. पण ती टेकडी मी विसरलेलो नाही. तिची पायाभरणी सेकंदाच्या शंभराव्या भागात होते, म्हणजे टिचका बसल्यावर तेवढा वेळ काहीच घडत नाही. मग चार शतांश सेकंद चढण आणि पाच शतांश सेकंद उतरण. उतरण चढणीपेक्षा लांब असते. ओढायला जेवढा वेळ लागतो त्याहून सोडायला जास्त लागतो. त्या वयात ही गोष्ट आम्ही फक्त पाठ केली होती.

विजेच्या टिचक्याचा इतिहास सर्वांना थोडाफार ठाऊक असतो. इटलीतल्या बोलोन्याच्या गॅल्वानीने बेडकाचे पाय विजेने आणि धातूंच्या स्पर्शाने उडताना पाहिले, 1791 मध्ये ते प्रसिद्ध केले, व्होल्टाने त्याच्याशी वाद घातला आणि त्या वादातून बॅटरी जन्मली. वाद इतका गाजला की बेडूक बाजूलाच राहिला. त्याहून मला सिडनी रिंगर या लंडनच्या डॉक्टरची हकीकत जास्त आवडते. 1880 च्या सुमारास तो बेडकाचे हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात चालते ठेवण्याच्या खटपटीत होता. हृदय तासन् तास छान चाले. नंतर लक्षात आले की द्रावण शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात करायचे सोडून सहायकाने नळाच्या पाण्यात केले होते. चांगल्या पाण्यात केले तर हृदय मंदावून थांबे. लंडनच्या नळाच्या जड पाण्यात चुना होता, म्हणजे कॅल्शियम. आळसातून लागलेल्या या शोधाचे नाव दवाखान्यात आजही रोज घेतले जाते. सलाईनच्या बाटलीवर ‘आर.एल.’ लिहिलेले असते ना, त्यातला ‘आर’ म्हणजे हाच रिंगर. कॅल्शियमचे तिथे नेमके काय काम असते हे कळायला मात्र पुढे ऐंशी वर्षे गेली.

मधला मोठा टप्पा हंगेरीत आहे. सेगेद या गावी आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी हा शास्त्रज्ञ होता. क जीवनसत्त्वावरच्या कामासाठी त्याला 1937 चे नोबेल मिळाले होते. ते जीवनसत्त्व त्याने ढिगाने काढले ते गावच्या लाल मिरचीतून. नोबेलनंतर तो स्नायूंकडे वळला. युद्ध पेटले होते, बाहेरच्या जगाशी संबंध तुटत चालला होता, आणि प्रयोगशाळेत सशाचे मांस बारीक करून त्यातली प्रथिने वेगळी करणे चालू होते. मायोसिन हे प्रथिन जुन्या ओळखीचे होते. इलोना बांगा या सहकारी स्त्रीला असे आढळले की अर्क रात्रभर तसाच ठेवला तर तो जास्त घट्ट होतो. का घट्ट होतो याचा माग काढताना ब्रुनो स्ट्राउब या तरुणाने 1942 मध्ये दुसरे प्रथिन वेगळे केले. ते ॲक्टिन. दोहोंच्या मिश्रणाचे बारीक धागे ओढून त्यांवर स्नायूंतले एटीपी नावाचे रसायन घातले तेव्हा ते धागे नजरेसमोर आखडले. ना प्राणी, ना मज्जातंतू, ना रक्त. काचेच्या तबकडीत नुसती दोन प्रथिने, आणि ती हलली. हा आपल्या शास्त्रीय आयुष्यातला बहुधा सर्वांत रोमांचक क्षण होता असे सेंट-ज्यॉर्जीने पुढे लिहून ठेवले आहे. युद्धाच्या अखेरीस त्याला गेस्टापोपासून लपून राहावे लागले.

धागा आखडला हे खरे. त्याचा अर्थ मात्र बहुतेकांनी चुकीचा लावला. प्रथिन म्हणजे लांब साखळी, ती दुमडते, गुंडाळते, म्हणून स्नायू आखूड होतो, असे सर्वांनी धरले. रबर आखडते, लोकर आखडते, तसे. इथेच ‘आकुंचन’ शब्दाने घात केला. तो इंग्रजीतही तितकाच फसवा आहे.

स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यावर वाघाच्या कातड्यासारखे आडवे पट्टे दिसतात, एक गडद, एक फिकट. प्रत्येक फिकट पट्ट्याच्या मधोमध एक बारीक रेघ असते, आणि एका रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंतचा तुकडा हा स्नायूचा मूळ खण. त्याची लांबी सव्वादोन-अडीच सहस्रांश मिलिमीटर. असे चाळीस हजार खण एकापुढे एक लावले की दहा सेंटिमीटरचा तंतू होतो. स्नायू आखडताना कोणता पट्टा आखूड होतो, हा साधा प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन निरीक्षकांनी उत्तरही दिले होते: गडद पट्टा तेवढाच राहतो, फिकट आखूड होतो. विसाव्या शतकात ही नोंद लोक चक्क विसरले. दुमडणाऱ्या साखळीच्या कल्पनेत ती बसत नव्हती.

1954 च्या मे महिन्यात ‘नेचर’ साप्ताहिकाच्या एकाच अंकात लागोपाठ दोन टिपणे छापून आली. पहिले केंब्रिजचे अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचे. त्यांनी बेडकाचा जिवंत तंतू खास बनवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली आखडताना पाहिला. दुसरे ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचे. ते तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते आणि सशाच्या स्नायूचे सुटे केलेले बारीक दोरे पाहत होते. दोन हक्सली, एकमेकांचे कोणी नव्हेत. अँड्र्यू हा डार्विनच्या बाजूने लढलेल्या थॉमस हक्सलीचा नातू आणि कादंबरीकार आल्डस हक्सलीचा सावत्र भाऊ. ह्यू युद्धात रडारवर काम करून आलेला भौतिकीचा माणूस. आडनाव सारखे निघाल्यामुळे पाठ्यपुस्तकांत दोघांचा एक होतो, आणि नीडरगेर्के व हॅन्सन ही दोन नावे तर गळूनच जातात. जीन हॅन्सनचे नाव गळणे मला विशेष खटकते. स्नायूंच्या सुट्या दोऱ्यांवरचे कसब तिचे होते. ह्यू क्ष-किरणांच्या बाजूने आला होता.

दोन्ही जोड्यांना एकच दिसले. गडद पट्टा बदलत नाही. तो जाड तंतूंचा, म्हणजे मायोसिनचा असतो, लांबी 1.6 सहस्रांश मिलिमीटर, स्नायू ताणा किंवा आखडू द्या. फिकट पट्ट्यातले बारीक तंतू ॲक्टिनचे, दोन्ही बाजूंच्या रेघांना बांधलेले. तेही तेवढेच राहतात. बारीक तंतू फक्त जाड तंतूंच्या मधल्या फटींत आणखी आत सरकतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अर्धी घाला आणि मग पूर्ण आत सारा. मनगटे जवळ आली, बोटांची लांबी तीच राहिली. बेडकुळीत होते ते एवढेच. प्रत्येक खण अर्ध्या सहस्रांश मिलिमीटरने आखूड झाला तर चाळीस हजार खणांचा तंतू दोन सेंटिमीटरने आखूड होतो. आकसत काहीच नाही. तोंडी परीक्षेत मला हवे असलेले उत्तर हे होते.

सरकवतो कोण? जाड तंतूच्या अंगावर मायोसिनची डोकी बाहेर डोकावत असतात, एका तंतूवर सुमारे सहाशे. डोके ॲक्टिनला पकडते, मान मुरडते, तंतू एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढा ओढते, सोडते आणि पुढे पुन्हा पकडते. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली असेल तर चित्र डोळ्यांसमोर येईल: जाळ्याच्या दोन टोकांचे दोर, दोन रांगा, आणि प्रत्येकाच्या हाताखालून मागे जाणारा दोर. फरक एकच. रापणीत सगळे एका हाकेवर ओढतात. मायोसिनची डोकी तसे करीत नाहीत. प्रत्येक डोके आपल्या वेळेने पकडते आणि सोडते, काही सोडत असताना काही धरून असतात, म्हणून दोर मागे घसरत नाही. सगळ्यांनी एकदम सोडले असते तर भाजीची पिशवी हातात क्षणोक्षणी हिसके खात राहिली असती. पाच किलोच्या त्या पिशवीसाठी दंडाच्या स्नायूला पस्तीसेक किलोचा जोर लावावा लागतो, कारण तो कोपरापासून चार-पाच सेंटिमीटरवर बांधलेला आहे आणि पिशवी त्याच्या सातपट लांब. जोराचा हा तोटा सोसून आपण वेग मिळवतो. स्नायू एक सेंटिमीटर सरकला की तळवा सात सेंटिमीटर उचलतो.

या कल्पनेला सर्वांत सुंदर पुरावा 1966 मध्ये मिळाला, पुन्हा बेडकाच्याच तंतूत. गॉर्डन, हक्सली (अँड्र्यू) आणि ज्यूलियन यांनी खण जास्त जास्त ताणत नेले आणि प्रत्येक लांबीला जोर मोजला. खण 3.65 सहस्रांश मिलिमीटरपर्यंत ताणला की जोर शून्य. त्या लांबीला जाड आणि बारीक तंतू एकमेकांतून पूर्ण निसटलेले असतात. डोक्यांना पकडायला काही उरत नाही. साखळ्या दुमडून जोर येत असता तर तो असा हिशेबाने कमी झाला नसता.

आता ज्यासाठी मी हे पुस्तक लिहायला घेतले त्या गोष्टीकडे येतो. एटीपी हे स्नायूचे इंधन, हे आता शाळकरी मुलेही सांगतात. इंधन लागते ते ओढायला, असे आपण गृहीत धरतो. पण ते सोडायलाही लागते. मायोसिनचे डोके ॲक्टिनला पकडून, ओढून तिथेच चिकटून बसते, आणि एटीपीचा नवा रेणू येऊन त्याला लागला तरच सुटते. एटीपी नसेल तर ते सोडतच नाही. म्हणजे इंधन संपलेला स्नायू सैल पडत नाही, ताठ होतो. याचा पुरावा प्रत्येक घराने कधी ना कधी पाहिलेला असतो. माणूस गेल्यावर जाणती माणसे घाईघाईने डोळे मिटतात, जबडा बांधतात, हातपाय सरळ करून पायांचे अंगठे एकत्र बांधतात, कारण काही तासांतच अंग आखडणार असते. श्वास थांबला की एटीपी तयार होणे थांबते, असलेले संपते, डोकी जिथे पकडून असतील तिथे अडकतात. आधी जबडा आणि मान, मग सारे अंग. पुढे दीड-दोन दिवसांनी प्रथिनेच विघटू लागली की ताठरपणा जातो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सगळे लवकर उरकते. मासळीबाजारात शेपटीकडून ताठ राहणारा बांगडा ताजा आणि लोंबणारा शिळा, ही पारख करणारी बाई याच रसायनावर पैसे लावत असते.

सोडण्याचा खर्च इथेच संपत नाही. रिंगरचे कॅल्शियम आता आठवा. प्रत्येक स्नायूतंतूच्या आत कॅल्शियमने भरलेल्या पिशव्यांचे जाळे असते. मेंदूचा निरोप आला की त्या उघडतात, आतले कॅल्शियम शंभरेक पटींनी वाढते, बारीक तंतूवरचे झाकण सरकते आणि डोक्यांना पकड मिळते. त्या झाकणातला कॅल्शियम ओळखणारा घटक, ट्रोपोनिन, जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी 1960 च्या दशकात शोधला. (हृदयविकाराचा झटका आला का हे पाहायला आज जी रक्ततपासणी करतात ती याच ट्रोपोनिनच्या हृदयातल्या प्रकाराची. हृदयाचा तुकडा मेला की ते रक्तात सांडते.) आता हात सैल सोडायचा तर हे सगळे कॅल्शियम उचलून पुन्हा पिशव्यांत भरायला हवे, आणि त्या भरणाऱ्या पंपालाही एटीपीच लागते. काजळीच्या ड्रमवरची उतरण चढणीपेक्षा लांब का होती, ते मला शिकवायला लागल्यावर पुष्कळ वर्षांनी असे समजले.

निरोप कसा पोचतो यावर पुस्तकाची दोन प्रकरणे आहेत, इथे थोडक्यात सांगतो. मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामध्ये एक अरुंद फट असते आणि ती ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन ओलांडते. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना लावत ते क्युरारे विष याच फटीवर काम करते, हे एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या क्लोद बेर्नारने दाखवले. आपल्याला त्यासाठी ॲमेझॉनला जायला नको. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, दुखत नाही, बऱ्याचदा वळही दिसत नाही. पहाटे पापण्या उघडेनात, मग घोट गिळेना, मग श्वास पुरेना. तिचे विष मज्जातंतूची टोके निकामी करते. स्नायू ठणठणीत असतो, माणूस शुद्धीवर असतो, निरोपच पोचत नाही. काही कीटकनाशके याच्या उलट करतात: रसायन फटीतून आवरून घेणारे विकरच बंद पाडतात, म्हणून निरोप थांबत नाही आणि अंगावरचे मांस जागोजागी फडफडते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना जी विषबाधा झाली तिच्यातल्या औषधांत या वर्गाची औषधेही होती. आणि धनुर्वात? त्यात मज्जारज्जूतला ‘थांब’ म्हणणारा निरोप मारला जातो. पुढचे-मागचे सगळे स्नायू एकदम ओढू लागतात. पाठीचे जास्त बळकट, म्हणून शरीर धनुष्यासारखे मागे वाकते. जुन्या वैद्यांनी नाव किती नेमके ठेवले आहे.

स्नायू ओढतो म्हणजे आखूड होतोच असे नाही, हेही एकदा सांगायला हवे. मल्लखांबावर मांड्यांची पकड घालून निश्चल राहिलेला मुलगा इंचभर हलत नाही, पण त्याच्या मांडीतली लक्षावधी डोकी पकडत-सोडत असतात आणि घाम त्याचाच असतो. तिसरी तऱ्हा सर्वांत विचित्र. सिंहगड चढताना छाती भरून येते, उतरताना मजेत गप्पा मारता येतात, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात त्या उतरण्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ओढतही असतो आणि शरीराच्या वजनाने लांबही होत असतो. अशा वेळी तो कमी प्राणवायूत जास्त जोर देतो. 1952 मध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या इंग्लंडमधल्या संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पायडल मारायचे, दुसऱ्याने ते रोखायचे. रोखणारा आरामात, मारणारा घामाघूम. पण याच ताणात काही खण फाटतात, आणि ती दुरुस्ती दोन दिवस दुखते. ‘लॅक्टिक ॲसिड साठले’ असे जिमखान्यात सांगतात ते खरे नाही; ते तर तासाभरात निघून जाते. पायात येणारा गोळा ही निराळी गोष्ट आहे. त्यात निरोपांचीच गर्दी झालेली असते, म्हणून तो स्नायू हाताने ताणून धरला की गोळा बसतो.

हृदयाच्या आणि आतड्यांच्या स्नायूंना मी जेमतेम एकेक प्रकरण दिले आहे. हृदय हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे आणि ते ग्रंथ मराठीत आहेत. आतडी, गर्भाशय आणि रक्तवाहिन्यांतल्या बिनपट्ट्यांच्या स्नायूंवर मात्र लिहायला हवे तेवढे मला जमले नाही. ते काम नव्या अभ्यासकाने हाती घ्यावे. डासाच्या पंखांचे प्रकरण निव्वळ हौसेने लिहिले आहे. सेकंदाला कित्येक शे वेळा हलणाऱ्या त्या स्नायूला दर खेपेला मेंदूचा निरोप येतच नाही, तो ताणला गेला की आपोआप ओढतो. परीक्षेला ते येत नाही. वाचले नाही तरी चालेल.

परिभाषेत शक्य तिथे प्रचारातले शब्द ठेवले आहेत आणि प्रथिनांची नावे आहेत तशीच देवनागरीत लिहिली आहेत. ‘ॲक्टिन’ला ‘क्रियाजनक’ वगैरे म्हणण्याचा मोह मी आवरला. आकृत्या मी हाताने काढल्या आहेत, त्यामुळे त्यांतल्या प्रमाणांवर डोळे झाकून विसंबू नका. आकडे मजकुरातले घ्या. चौथ्या प्रकरणाशी पोचाल तेव्हा पुस्तक मांडीवर ठेवून दोन्ही हात मोकळे करा आणि बोटे एकमेकांत घालून पाहा. तसे केल्याशिवाय ते प्रकरण वाचू नये, ही विनंती. चुका सापडल्या तर प्रकाशकांच्या पत्त्यावर कळवाव्यात.